गुलाबाने मान टाकली: फुलदाणीपासून फूलबाजारापर्यंत काय काय तपासायचं

"फुलं कोमेजली" एवढ्यावरून काहीच कळत नाही. त्या दोन शब्दांखाली निदान पाच वेगळे दोष असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. लग्नाचा वाढदिवस, साखरपुडा, चौदा फेब्रुवारी अशा प्रत्येक निमित्तानंतर माझ्याकडे वाकलेल्या गुलाबांचे फोटो येतात. फुलांच्या सजावटीचं काम करत असल्यामुळे हा एकच दोष मी इतक्यांदा निस्तरलाय की आता फोटो बघूनच पहिला प्रश्न तयार असतो. तरीही पाण्यात साखर टाकायला धावण्याआधी फूल नीट बघा.

लक्षणं

मान वाकली आहे, पण पाकळ्या ताज्या आहेत. काल आणलेला डच गुलाब, म्हणजे दुकानात मिळणारा पॉलिहाऊसमधला लांब दांडीचा गुलाब, आज सकाळी फुलाच्या खाली दोन-तीन बोटांवर वाकलेला दिसतो. रंग चांगला, पानं हिरवी, पाकळी हाताला थंड आणि भरलेली लागते, फक्त फूल जमिनीकडे बघतंय. हाच सगळ्यात जास्त आढळणारा दोष आहे आणि वेळेत हात घातला तर बहुतेक वेळा सुटतो. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

कळी उमललीच नाही आणि मान बारीक, मऊ आहे. हे फूल शेतातच लवकर तोडलं गेलंय. वरच्या लक्षणासारखंच दिसतं, पण जात वेगळी. कसं ओळखायचं ते पुढे येईल.

पाकळ्यांवर तपकिरी डाग आहेत, कडा ओलसर-काळपट झाल्यात, कधी त्यावर राखाडी भुरी दिसते. ही बोट्रायटिस नावाची बुरशी. मान ताठ असली तरी फूल जाणार. डागाळलेल्या बाहेरच्या पाकळ्या काढून टाका, फुलं कोरडी ठेवा, एवढंच आपल्या हातात असतं.

हात लावला की पाकळ्या गळतात. फूल म्हातारं झालंय. याला उपाय नाही.

पानं पिवळी पडून झडतात आणि फूल मात्र बरं दिसतं. बहुधा माल कोल्ड स्टोरेजमध्ये जास्त दिवस राहिलाय किंवा फळांच्या सहवासात ठेवला गेलाय. पानं काढून टाका, फूल मिळेल तेवढं वापरा.

बाहेरच्या दोन पाकळ्या हिरवट, जाडसर, चुरगळलेल्या असणं हा दोष नाही. त्या राखणीच्या पाकळ्या, आतल्या पाकळ्यांना प्रवासात मार लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलेल्या. घरी आल्यावर हलक्या हाताने खुडून टाका, आतून चकचकीत फूल निघतं. केवळ या पाकळ्या बघून लोक चांगला माल परत करतात.

मान वाकते कशामुळे

तोडलेल्या फुलाला मूळ नाही, पण पानं आणि पाकळ्यांमधून बाष्प उडणं चालूच असतं. त्या ओढीनेच दांडीतल्या सूक्ष्म नळ्यांतून पाणी वर चढतं. दांडी कापली त्या क्षणी ती पाण्यात नसेल तर नळ्यांमध्ये हवा शिरते. शहाळ्याच्या नळीला भोक पडलं की कितीही ओढा, तोंडात पाणी येत नाही, तसंच इथे होतं. दुसरा अडथळा जंतूंचा. फुलदाणीतलं पाणी जुनं झालं की त्यात जंतू वाढतात, त्यांचा चिकट थर कापलेल्या टोकावर बसतो आणि नळ्या बुजतात. पाणी वर येईनासं झालं की सगळ्यात आधी फुलाखालचा कोवळा भाग हार मानतो, कारण तिथे लाकूडपणा सर्वांत कमी असतो.

म्हणजे फुलदाणी पाण्याने भरलेली असताना फूल तहानेने मरत असतं. पुढच्या सगळ्या तपासण्या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधतात: अडथळा कुठे आहे? फुकट आणि सोप्या गोष्टी आधी, खर्चाच्या आणि कटकटीच्या नंतर.

१. जागा बघा

खर्च शून्य. पंख्याच्या थेट झोतात, एसीच्या वाऱ्यात, पश्चिमेच्या खिडकीत, फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या वरच्या गरम कोपऱ्यात फुलदाणी असेल तर आधी हलवा. वारा लागला की बाष्प जास्त उडतं आणि दांडी तेवढं पाणी पुरवू शकत नाही. पुण्यात मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत एका दुपारच्या पंख्यात गुलाब माना टाकतात. मुंबईत हवा दमट असल्याने वाऱ्याचा त्रास त्यामानाने कमी, पण पाणी लवकर सडतं.

टेबलावर फुलदाणीशेजारी फळांची टोपली आहे का? पिकलेली केळी, आंबे, चिकू, सफरचंद इथिलीन नावाचा वायू सोडतात. आंब्याची अढी पिकते ती याच वायूमुळे, आणि फुलंही त्यानेच "पिकतात". गुलाबाला त्याचा त्रास होतो, कार्नेशनला तर फारच: पाकळ्या आत वळतात आणि फूल झोपल्यासारखं दिसतं. मे महिन्यात लग्नाचा वाढदिवस असेल आणि पलंगाखाली आंब्याच्या पेट्या असतील, तर फुलं दुसऱ्या खोलीत ठेवा.

२. दांड्या खरंच पाण्यात आहेत का

हसू नका. गुच्छ भेट म्हणून आला, सगळ्यांनी कौतुक केलं आणि तो सेलोफेनसकट तसाच फुलदाणीत उभा केला, हे मी कितीदा पाहिलंय. आत दांड्यांना रबर आणि रिबीन घट्ट बांधलेली असते, काही दांड्या आखूड असतात, त्या पाण्याच्या वरच लटकतात. नाही तर टोकाला ओला कापूस गुंडाळून प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते. तो कापूस दुकानापासून घरापर्यंतच्या प्रवासापुरता असतो, रात्र काढण्यासाठी नाही.

सगळं सोडा. कागद, रिबीन, रबर, पिशवी, कापूस, सगळं. कळीवर जाळीची टोपी असेल तर तीही काढा. गुच्छाचा आकार मोडला म्हणून हळहळू नका, तो आकार रस्त्यात मिरवायला केलेला असतो.

३. दांडी पुन्हा कापा

या एका पायरीने जितके गुलाब वाचतात तितके बाकी सगळ्या मिळून वाचत नाहीत. तरी लोक तीच टाळतात, कारण महागातल्या लांब दांडीवर कात्री चालवायला जीव होत नाही.

एका पसरट भांड्यात किंवा सिंकमध्ये पाणी घ्या. दांडीचं टोक पाण्याखाली धरून तळापासून दोन-तीन सेंटीमीटर तिरकं कापा. मान आधीच वाकलेली असेल तर थोडं जास्त, चार-पाच सेंटीमीटर जाऊ द्या, कारण हवा आणि घाण वरपर्यंत गेलेली असते. कापताच फूल लगेच फुलदाणीत. मध्ये फोन आला तर तो वाजू द्या. दांडी हवेत राहिली की सगळं पहिल्यापासून.

पाण्याखालीच का, तर कापल्या क्षणी दांडी जे आत ओढेल ते पाणी असावं, हवा नसावी. आणि तिरकं एवढ्यासाठी की सपाट टोक फुलदाणीच्या तळाला चिकटून बसतं, तिरकं बसत नाही.

हत्यार धारदार हवं. नवं ब्लेड, कटर किंवा बागकामाची चांगली कात्री. घरातली कागद कापायची बोथट कात्री दांडी कापत नाही, चेपते, आणि चेपलेल्या नळ्यांतून पाणी जात नाही. याच कारणासाठी दांडीचं टोक हातोडीने ठेचायचा जुना सल्ला विसरा. ठेचलेल्या भागात जंतूंचीच सोय होते.

टोक कापल्यावर आतला भाग बघा. हिरवट-पांढरा, ओला असेल तर ठीक. तपकिरी असेल तर स्वच्छ भाग लागेपर्यंत अजून कापा.

४. पाण्याखालची पानं काढा

पाण्यात बुडणारं प्रत्येक पान सडणार आणि पाणी नासवणार. पाण्याच्या पातळीखालची सगळी पानं काढा. वरची मात्र सगळी काढू नका: पानं पाणी वर ओढतात, ती अजिबात नसतील तर ओढच राहत नाही. वरची तीन-चार पानांची पाती ठेवा.

काट्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. भेट द्यायचं फूल हाताला टोचू नये हे बरोबर, पण पट्टीने खरवडून काटे काढले की सालीला जखमा होतात आणि त्या जखमा पाण्यात बुडाल्या की जंतूंना आयतं दार मिळतं. हातात धरायच्या भागातले काटे काढा, पाण्यातल्या भागातले राहू द्या. काटे काढायचे तर बोटाने बाजूला दाबून मोडा, सोलू नका.

५. फुलदाणी घासा

आत हात घालून बघा. बुळबुळीत लागलं तर अडथळा सापडला. साबण आणि लांब ब्रशने घासा, मग पाण्यात थोडं ब्लीच मिसळून दहा मिनिटं भरून ठेवा आणि नीट विसळा. अरुंद गळ्याची फुलदाणी दिसायला छान असते, पण आत हात जात नाही, म्हणून ती कायम अस्वच्छ राहते. मी ती घेतच नाही. ब्रश जात नसेल तर मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून हलवा.

तांब्या-पितळेची भांडी शोभेला सुंदर, पण आंबट पाणी आणि ब्लीच त्यांना चालत नाही. आत काचेचा ग्लास किंवा प्लास्टिकची बाटली ठेवून त्यात फुलं लावा.

६. पाणी कोणतं

नळाचं पाणी चालतं. बोअरचं पाणी जड असेल, भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील, तर फुलांना पिण्याचं फिल्टरचं पाणी द्या. सोसायटीत वॉटर सॉफ्टनर बसवलेला असेल तर ते पाणी वापरू नका. सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, आणि गुलाबाला ते मानवत नाही. नव्या इमारतींत हे हमखास असतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अंघोळीच्या पाण्यात साबण फार बुळबुळीत राहतो असं वाटत असेल तर चौकशी करा.

पाणी कोमट घ्या, हाताला सुखद लागेल इतकंच. कोमट पाणी दांडीत सहज चढतं आणि त्यात विरघळलेली हवाही कमी असते. बर्फ घालू नका. रोज पाणी बदला, निदान एक दिवसाआड, आणि बदलताना प्रत्येक वेळी दांडी अर्धा-एक सेंटीमीटर कापा.

७. पाण्यात काय टाकायचं

दुकानात फ्लॉवर फूडची पुडी मिळाली तर तीच वापरा, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात. अर्धी पुडी टाकून पैसे वाचत नाहीत: जंतू मारण्याचं औषध कमी पडतं आणि साखर तेवढी जंतूंना मिळते.

पुडी नसेल तर घरचं मिश्रण: एक लिटर पाण्यात तीन चहाचे चमचे साखर, दोन चिमूट लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक अॅसिड, आणि पाव चहाचा चमचा बिनवासाचं साधं ब्लीच. साखर म्हणजे फुलाचं अन्न, कळी उमलायला लागणारं. आंबटपणामुळे पाणी दांडीत चांगलं चढतं. ब्लीच जंतूंना आवर घालतं. तिघांपैकी ब्लीच गाळून फक्त साखर घातली तर दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं आणि मान जास्त लवकर वाकते. बिघाडाची ही अवस्था मला साखर न घातलेल्या फुलदाणीपेक्षा जास्त वेळा भेटते.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. ब्लीच आणि लिंबूसत्त्व कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आधी लिटरभर पाणी, त्यात साखर आणि लिंबूसत्त्व विरघळवा, मग शेवटी ब्लीच. प्रमाण वाढवू नका. ब्लीचच्या नावाखाली संडास धुवायचं आम्लाचं द्रावण तर मुळीच नको. घरात लहान मुलं असतील तर हे सगळं सोडा, साधं पाणी रोज बदला, पुरेसं आहे.

पाण्यात नाणं टाकायचा सल्ला तांब्याच्या नाण्यांच्या काळातला आहे. आजची आपली नाणी स्टीलची नाही तर मिश्रधातूंची, त्यातून काही उतरत नाही. अॅस्पिरिनच्या गोळीने फरक पडलेला मी पाहिलेला नाही. लिंबाच्या चवीच्या सोड्यात साखर आणि आंबटपणा दोन्ही असतात, पण जंतूंवर इलाज नसतो, म्हणून तो पहिल्या दिवशी पावतो आणि नंतर उलटतो.

८. वाकलेल्या मानेला आधार

वरचं सगळं केलं तरी वाकलेली मान लगेच सरळ होत नाही, आणि वाकलेल्या अवस्थेतच पाणी भरलं तर वाकडीच ताठ होते. म्हणून ही पायरी.

दांड्या पाण्याखाली कापून झाल्या की चार-पाच फुलं एकत्र घ्या. फुलं एका रेषेत, माना हाताने सरळ धरून, वर्तमानपत्राची घट्ट सुरळी त्यांच्याभोवती गुंडाळा. कागद फुलाच्या वर चार बोटं यायला हवा आणि खालची दांडी मोकळी राहायला हवी. सेलोटेप लावा. ही सुरळी बादलीत कोमट पाण्यात उभी करा, पाणी दांडीच्या निम्म्याहून वर, पण फुलापर्यंत नाही. अंधाऱ्या, गार जागी दोन-तीन तास ठेवा, शक्य असेल तर रात्रभर. कागद मानेला आधार देतो आणि बाष्प उडणंही कमी करतो, तोवर दांडी पाणी भरून घेते.

कागद सोडल्यावर मान उभी राहिली तर फूल वाचलं. ते पुढे किती टिकेल हे मूळ माल किती ताजा होता त्यावर.

हेही जमलं नाही तर पूर्ण फूल, दांडीसकट, बादलीत किंवा टबात आडवं बुडवून अर्धा-पाऊण तास ठेवायचं. यात पाकळ्या भिजतात, म्हणून बुरशीचा धोका असतो. नंतर झटकून, वाऱ्याशिवाय सुकवा. हा शेवटचा हात आहे, कार्यक्रम त्याच संध्याकाळी असेल तरच.

त्यानंतरही मान वाकलेलीच असेल तर फूल मानेखाली कापा आणि पसरट भांड्यात पाण्यावर तरंगत ठेवा. दांडी आखूड झाली की पाण्याची वाटही आखूड होते. दोन-तीन दिवस सहज मिळतात.

९. फ्रिज आणि फोम

फुलं आदल्या दिवशी आणली तर रात्री गार जागी ठेवणं चांगलं. पण घरातल्या फ्रिजमध्ये भाज्या-फळं असतात, म्हणजे पुन्हा इथिलीन. वर फ्रिजची कोरडी हवा. फळं बाहेर काढणार असाल, फुलं पाण्यात उभी मावणार असतील आणि फ्रीझरच्या तोंडाशी येणार नसतील, तरच ठेवा. अँथुरियम आणि ऑर्चिड मात्र कधीच नको. ती उष्ण प्रदेशातली फुलं, थंडीने काळी पडतात.

टोपलीतली रचना असेल तर आत हिरवा फोम असतो, सजावटवाले त्याला ओॲसिस म्हणतात. बोटाने दाबा. कोरडा लागला तर वरून हळूहळू पाणी घाला. पूर्ण कोरडा झालेला फोम पुन्हा नीट भिजत नाही, आत कोरडे कप्पे राहतात आणि नेमकी त्याच कप्प्यातली फुलं मान टाकतात. अशा फुलांना फोममधून काढून, कापून, फुलदाणीत हलवा. काढलेली दांडी त्याच भोकात परत खोचू नका. स्वतः नवा फोम भिजवताना वीट पाण्यावर सोडा आणि आपोआप बुडू द्या; दाबून बुडवली की आत हवा अडकते.

१०. दोष मालातच असेल तर

इथपर्यंत येऊनही फरक नसेल तर प्रश्न खरेदीचा आहे, आणि तो पुढच्या वेळी सोडवायचा.

आपल्याकडच्या डच गुलाबांचा मोठा भाग मावळातून येतो. तळेगाव दाभाडे आणि पवना परिसरात पॉलिहाऊसची रांगच आहे, एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्कही तिथेच. व्हॅलेंटाइनसाठी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून परदेशी जाणाऱ्या मालाची लगबग सुरू होते आणि नंतर स्थानिक बाजार तापतो. भाव चढणार म्हणून फुलं आधी तोडून कोल्ड स्टोरेजमध्ये थांबवली जातात. त्यामुळे चौदा तारखेला सकाळी घेतलेलं फूल त्या दिवशीचं असेलच असं नाही. जमलं तर बारा किंवा तेरा तारखेला पहाटे पुण्यात गुलटेकडी मार्केट यार्डाच्या किंवा मुंबईत दादरच्या फूलबाजारातून गड्डी घ्या आणि घरी रात्रभर पाणी पाजा. भावही बरा लागतो.

डच गुलाबाची गड्डी २० नगांची असते. ती हातात घेऊन या गोष्टी बघा:

- गड्डी आडवी धरून हळूच हलवा. फुलं मानेवर डुगडुगत असतील तर नको.
- कळीचा खालचा फुगीर भाग चिमटीत दाबा. भरलेला, कडक लागला पाहिजे. मऊ असेल तर जुना माल.
- वरून बघा. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सैल व्हायला लागलेल्या हव्यात. अगदी घट्ट, टोकदार, हिरवट कळी स्वस्त मिळते, पण तीच उमलत नाही आणि तिचीच मान जाते. तिच्या मानेला कडकपणा आलेला नसतो, त्याला पाण्याचा उपाय नाही.
- दांड्यांची टोकं बघा, वास घ्या. काळी, चिकट, कुबट असतील तर बादलीतलं पाणी जुनं आहे.
- कागद ओला आहे का बघा. विक्रेते फुलांवर पाणी शिंपडत राहतात, त्याने फूल टवटवीत दिसतं. पण फूल पाणी पितं दांडीतून. ओल्या पाकळ्यांवर बुरशी बसते, बाकी काही होत नाही.

ग्लॅडिएटर हा उघड्या शेतातला लाल गुलाब स्वस्त असतो, पण त्याच्याकडून आठवडाभराची अपेक्षा ठेवू नका. निळा गुलाब हा रंग पाजलेला पांढरा गुलाब असतो, आधीच थकलेला, आणि टेबलक्लॉथलाही रंग लागतो. चमकी मारलेल्या फुलांबद्दल न बोललेलं बरं.

खरं तर "जास्त दिवस टिकायला हवं" ही अट असेल तर फक्त गुलाब घेऊ नका. चांगला डच गुलाब साधारण आठवडाभर जातो. कार्नेशन आणि काडीची शेवंती नीट ठेवली तर दहा दिवस ते दोन आठवडे, ऑर्चिड तेवढंच, आणि अँथुरियम दोन-तीन आठवडे. जरबेराही आठवडाभर बरा राहतो, पण त्याला फुलदाणीत चार बोटंच पाणी द्या, दांडी मऊ असते, जास्त बुडाली तर सडते. डच गुलाबाला वास जवळजवळ नसतो, त्याची कसर निशिगंधाच्या दोन काड्या भरून काढतात. मे महिन्यातल्या वाढदिवसाला मी सहा लाल गुलाब, त्याभोवती कार्नेशन आणि मध्ये निशिगंध असंच सुचवते. गुलाब आधी गेले की ते काढून टाकायचे, बाकीचं उभं राहतं.

इथे थांबा

दांडी पाण्याखाली कापली, फुलदाणी घासली, कागदाची सुरळी करून रात्र काढली आणि तरी मान तशीच असेल तर अजून प्रयोग नकोत. फूल लवकर तोडलेलं होतं किंवा म्हातारं होतं. विकत घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत अर्ध्याहून जास्त गड्डीने माना टाकल्या तर घेतलेल्या दुकानदाराकडे जा. चांगला दुकानदार वाद न घालता बदलून देतो, कारण त्यालाही कळतं की बहुतेक मागच्या मालातच गडबड होती.

साखरपुडा, स्टेज, गाडी, शंभरावर फुलं असं काम असेल तर ते घरी करू नका. एवढ्या फुलांना पाणी पाजायला गार खोली, बादल्या आणि माणसं लागतात. सजावटवाल्याला आधीच विचारा की माल कधी येणार आणि रात्री कुठे ठेवणार. या दोन प्रश्नांची उत्तरं गोलमोल मिळाली तर दुसरा बघा.

डच गुलाबाच्या पाकळ्या केकवर किंवा सरबतात घालू नका, गुलकंद तर नकोच. ही फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांवर कीडनाशकं फवारलेली असतात. काटा खोल रुतला आणि बोट सुजलं, लाल झालं, काही दिवसांनी गाठ आली तर डॉक्टरांना दाखवा. आणि ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना लिलियमचा (लिलीचा) गुच्छ देऊ नका. मांजराच्या पोटात त्याचं पान, पाकळी, अगदी परागकणही गेले तरी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चाटलेलं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याला फोन करा.

दुकानदाराला किंवा सजावटवाल्याला फोटो पाठवणार असाल तर नुसता वाकलेल्या फुलाचा पाठवू नका. दांडीच्या कापलेल्या टोकाचा जवळून एक, फुलदाणीतल्या पाण्याचा एक, आणि फुलं कुठे ठेवली आहेत त्या कोपऱ्याचा एक. सोबत कधी घेतली आणि घरी आल्यावर दांडी कापली होती का, ते लिहा.